हरताळाखालची अक्षरं

पदोन्नतीचा अर्ज भरताना प्रकाशनांच्या तक्त्यात मी माझ्या पहिल्या कादंबरीचं नाव लिहिलं, तेव्हा कार्यालयातल्या बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “सर, हिला कशात धरायचं? संशोधन म्हणावं तर शोधनिबंध नाही, पाठ्यपुस्तक म्हणावं तर अभ्यासक्रमात नाही.” मी म्हटलं, रहस्यकथा आहे, ऐतिहासिक. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, “इतर मध्ये टाकू. इतरला गुण नसतात, पण नोंद राहील.”

त्या ‘इतर’मधली ही दुसरी. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसानं मराठीत लिहावं, त्यातही रहस्यकथा लिहावी आणि तीही निजामाच्या अमदानीतल्या बीडची, हे काय खूळ, असं मला आडून आणि समोरून पुष्कळदा विचारलं गेलं आहे. एकदाच काय ते सांगून टाकावं म्हणून ही प्रस्तावना. ती लांबली आहे. पण ज्या माणसाभोवती ही कादंबरी फिरते त्या इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या प्रस्तावना एवढ्या लांब असत की त्यांचंच पुढे वेगळं पुस्तक निघालं, तेव्हा वाचकांनी मला थोडं सांभाळून घ्यावं.

इंग्रजीच्या मास्तरांना हा नाद जुना आहे. जे. आय. एम. स्टुअर्ट १९३५ साली प्राध्यापक म्हणून रुजू व्हायला बोटीनं ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला निघाले. त्या काळी प्रवास आठवडेच्या आठवडे चाले. स्टुअर्टसाहेबांनी त्या रिकाम्या वेळात एक खून पाडला, तोही विद्यापीठातल्या एका प्राचार्याचा, आणि पुढच्या वर्षी मायकेल इन्स या टोपणनावानं ती कादंबरी छापून आली. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन हाइलब्रन १९६४ पासून अमांडा क्रॉस या नावानं रहस्यकथा लिहीत होत्या, पण नोकरी पक्की होईपर्यंत त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. म्हणजे ‘इतर’चा रकाना तिकडेही होता, आणि तिकडचे लोक आमच्या बाबूंइतके प्रेमळ नसावेत.

मराठीत इंग्रजीच्या प्राध्यापकांनी काय लिहिलं नाही? विंदा करंदीकरांनी कविता लिहिली, वसंत कानेटकरांनी नाशिकला शिकवता शिकवता नाटकं लिहिली, भालचंद्र नेमाडे आमच्या औरंगाबादच्या विद्यापीठात होते. कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ नीट पाहिलं तर तो एका घरातला तपासच आहे, बाप आणि लेक यांच्यात कुठे आणि कुणामुळे बिनसलं याचा. नेमाडे यांच्या ‘हिंदू’चा खंडेराव तर पुरातत्त्वाचा माणूस, मोहेंजोदडोला खणायला गेलेला. हे दोघेही रहस्यकथेच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथून मागे फिरले, असं मला वाटतं. आत पाऊल टाकलं असतं तर बाबूराव अर्नाळकरांच्या शेजारी बसावं लागलं असतं. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना वाचायची चटक लावली, आणि तरी ते स्टँडवरच्या बुकस्टॉलवरून विद्यापीठाच्या पायरीपर्यंत कधी पोचले नाहीत.

आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर माझ्या डोळ्यांपुढे एक वेगळंच नाव होतं. अंबाजोगाईच्या योगेश्वरी महाविद्यालयात हिंदी शिकवणारे रंगनाथ तिवारी. ‘बेगम समरू’ आणि ‘देवगिरी बिलावल’ लिहिणारे. एका जर्मन लष्करी भाडोत्र्याबरोबर संसार थाटून पुढे सरधन्याची जहागीर स्वतः चालवणारी बाई अंबाजोगाईच्या माणसाला मराठीत लिहावीशी वाटते, याचा मला तरुणपणी फार आधार वाटला. त्यांचा विषय हिंदी, माझा इंग्रजी. एका भाषेच्या पगारावर जगायचं आणि दुसऱ्या भाषेत लिहायचं, हे गणित दोन्हीकडे सारखंच.

पण मुळात हे खूळ डोक्यात शिरलं ते वर्गात. दिवाळीनंतर आमचे वर्ग निम्मे रिकामे होतात. आईवडील कोयता घेऊन कारखान्याकडे गेलेले, मागे घर, गुरं आणि धाकटी भावंडं पोरापोरींच्या गळ्यात. अशाच एका डिसेंबरात अकरा जणांच्या वर्गाला मी ‘तिसरा रिचर्ड’ शिकवत होतो. कुबड असलेला, हात वाळलेला, पुतण्यांचा जीव घेणारा राजा. शेक्सपियरनं त्याला असा रंगवला आहे की चारशे वर्षं जगानं तोच खरा मानला. नाटकाच्या जोडीला मी त्यांना जोसेफिन टे यांच्या १९५१ सालच्या कादंबरीची गोष्ट सांगितली. पाय मोडून दवाखान्यात पडलेला एक पोलीस अधिकारी खाटेवरूनच या खटल्याची फाईल पुन्हा उघडतो, नुसती कागदपत्रं वाचून. आणि मग सांगितलं की २०१२ साली लेस्टर शहरात गाड्या लावायच्या जागेखाली त्या राजाचा सांगाडा निघाला. पुढच्या वर्षी बहिणीच्या वंशजांच्या डीएनएशी जुळवून त्याची ओळख पटवली. मणका वाकडा होता. हात मात्र दोन्ही धड होते.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मंग सर, शेक्सपियरनं थापा मारल्या का?”

मी नेहमीचं उत्तर दिलं. त्या वेळी गादीवर कोण होतं, त्यांना काय ऐकायला आवडलं असतं, शेक्सपियरच्या हाती कुणाची बखर होती. त्या मुलानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे मारल्याच. पण चांगल्या मारल्या.” साहित्य आणि इतिहास यांच्या नात्यावर मी जेवढी पुस्तकं वाचली त्यांत याहून नेमकं काही सापडलेलं नाही. तास संपल्यावर त्यानं दुसरा प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. “असं काही आपल्याकडं हाय का सर?”

आहे. इतकं आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासूनच करू. ‘विवेकसिंधु’ हा मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेत पाठ करतो, शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८. बालाघाटाच्या एका दरीत त्यांची समाधी दाखवतात. पण ग्रंथात नगरीचं नाव अंबानगरी येतं आणि नदीचं वैन्यागंगा. नागपूरकडची माणसं म्हणतात, ही वैनगंगा आणि नगरी म्हणजे तिच्या काठचं आंभोरा. तिथेही मुकुंदराज आहेतच. आमच्याकडची माणसं वाण नदीकडे बोट दाखवतात. ग्रंथात एक जैत्रपाळ राजा येतो. तो देवगिरीचा यादव म्हणावा तर तो गादीवर आला शके १११० च्या नंतर. बैतूलकडच्या खेरळ्याचा म्हणावा तर ग्रंथ पुन्हा उत्तरेला सरकतो. आणि ज्या ओवीत हा शक येतो ती ओवी मुळातली की मागाहून घातलेली, यावर अभ्यासकांचा वाद आहे. रहस्यकथेत साक्षीदार उलटतो म्हणतात ना, इथे तर गाव उलटतं, नदी उलटते आणि खुद्द तारीख उलटते.

आता यावर चढलेला कळस पाहा. १९०९ साली राजवाड्यांनी ज्ञानेश्वरी छापली. ती ज्या पोथीवरून छापली ती पोथी त्यांना बीडच्या पाटांगण या देवस्थानी मिळाली होती, आणि राजवाड्यांचं म्हणणं असं की ती मुकुंदराजांच्या हातची आहे. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. शके १११० मध्ये ग्रंथ लिहिणारा माणूस शंभर वर्षांनी दुसऱ्याच्या ग्रंथाची नक्कल करायला कसा बसेल? तेव्हा मुकुंदराज एकापेक्षा जास्त होते, किंवा शक चुकला, किंवा राजवाडे चुकले.

राजवाड्यांना या पोथीचं एवढं अप्रूप का, हे कळायला पैठणला जावं लागतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. वेगवेगळ्या पोथ्या जमवायच्या, पाठ ताडून पाहायचे, मागून घुसलेलं काढून टाकायचं. इंग्रजीच्या एम. ए.ला आम्ही शेक्सपियरच्या फोलिओ आणि क्वार्टोंवर जे शिकवतो तेच काम नाथांनी शेक्सपियरच्या नाटकांआधी करून ठेवलं, पण आमच्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख नाही. नाथांच्या प्रतीची अडचण एवढीच की ती इतकी चांगली झाली की पुढे सगळ्यांनी तिच्याच नकला केल्या. म्हणून नाथांच्या आधीची पोथी सापडणं म्हणजे सगळे साक्षीदार एकमेकांशी बोलून बसण्याआधीचा जबाब सापडणं. पाटांगणाची पोथी तशी आहे असा राजवाड्यांचा दावा होता. तिच्या भाषेवर त्यांनी व्याकरण लिहिलं. पुढे १९६० साली महाराष्ट्र सरकारनं ज्ञानेश्वरी छापली तीही राजवाड्यांच्या संहितेवरूनच.

आणि मूळ पोथी? ती नाही. छापील जबाब आहे, साक्षीदार बेपत्ता. राजवाडे महातापट. विद्वानांनी शंका घेतल्या तेव्हा संतापाच्या भरात त्यांनीच ती नष्ट केली, अशी गोष्ट सांगतात. ज्या माणसानं आयुष्यभर गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद सोडवून आणले, त्याच्या हातून असं होईल का? होईलही. त्याच्यासारख्याच्याच हातून होईल. या ‘होईल का’ आणि ‘होईलही’ यांच्या मधल्या जागेत माझी कादंबरी बसली आहे.

उंबेर्तो एकोंची १९८० सालची मठातल्या खुनांची कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना इथे ओळखीचा वास येईल. तिथेही एक हरवलेलं पुस्तक आहे, ते वाचू पाहणारे एकेक मरतात, आणि शेवटी ग्रंथालय जळतं. एको स्वतः विद्यापीठातले, चिन्हांचं शास्त्र शिकवणारे. मी त्यांचा ऋणी आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे समीक्षकांचे कष्ट वाचतील. पण त्यांच्याकडून एक युक्ती उचलायला गेलो आणि तोंडघशी पडलो, ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

पोथी हातात धरून पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लांबट सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या, त्यावर गुंडाळलेला लाल रुमाल. अक्षरं सलग, शब्द कुठे संपतो हे डोळ्याला नाही, कानाला कळतं. म्हणून ती पुटपुटत वाचावी लागते, आणि एक पद चुकीचं तोडलं की ओवीचा अर्थ भलतीकडे जातो. नकलणाऱ्याचं एखादं अक्षर चुकलं तर खोडायचं कसं? खरवडलं तर कागद फाटतो. म्हणून त्यावर हरताळ लावायचा, पिवळा, दाटसर, आणि वाळला की वर नवं अक्षर. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथून आलेला. पहिल्यांदा एका घरी जुनी पोथी उजेडात तिरकी धरून पाहिली तेव्हा त्या पिवळ्या पट्ट्याखाली बुजवलेलं अक्षर अंधुक उमटलं होतं. ‘न’ होता, तिथे ‘त’ केला होता. कुणीतरी चारेकशे वर्षांपूर्वी चुकला आणि कुणीतरी ते झाकलं. माझ्या अंगावर काटा आला. चूक काय होती यापेक्षा ती झाकणारा हात कुणाचा, हाच मला प्रश्न वाटला, आणि त्या क्षणी मी मास्तरकीतून फौजदारकीत गेलो.

तर हरताळ म्हणजे गंधक आणि आर्सेनिक यांचं संयुग. आर्सेनिक म्हणजे सोमलाच्या घरातलं. एकोंच्या कादंबरीत पानांना विष लावलेलं असतं, वाचणारा बोट जिभेला लावून पान उलटतो आणि मरतो. मला वाटलं, आपल्याकडे तर विष पोथीतच आहे, बाहेरून आणायचीही गरज नाही! जो दुरुस्त्या फार तपासतो तोच मरतो, संपादकाला याहून योग्य मरण कोणतं? तीन प्रकरणं लिहून झाली. मग सहज म्हणून रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, हरताळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुमच्या पात्राला मरायचं असेल तर त्यानं अख्खी ज्ञानेश्वरी चाटली पाहिजे, आणि तरी आधी अपचनच होईल. तिन्ही प्रकरणं रद्दीत गेली. या कादंबरीत विषानं कुणी मरत नाही.

त्याऐवजी मी तारखांकडे वळलो, आणि तिथे मात्र मराठवाड्याइतकी सुपीक जमीन नाही. एक उदाहरण देतो. १९०९ सालचा जून महिना घ्या. ब्राह्मणाच्या पंचांगात शके १८३१. तहसिलीच्या पावतीवर फसली १३१८. काझींच्या नोंदीत हिजरी १३२७. सोलापूरहून आलेल्या टपालावर इसवी सन. या चारही वर्षांची सुरुवात चार वेगळ्या दिवशी. इंग्रजी रहस्यकथेत आरोपी त्या रात्री कुठे होता यावर खल चालतो. आमच्याकडे आधी ती रात्र कोणत्या वर्षातली हे ठरवावं लागतं. माझा नायक अव्वल तालुकदाराच्या कचेरीतला पेशकार आहे. मोडी घरची, उर्दू नोकरीची, फारसी वडिलांकडून आलेली, आणि इंग्रजी तो चोरून शिकतो आहे. पोथीच्या शेवटी लिहिलेला शक आणि संवत्सराचं नाव एकमेकांशी जुळतं का, हे तो बोटांवर मोजून पाहतो. साठ संवत्सरांचं चक्र ज्याला तोंडपाठ आहे त्याला बनावट शेवट पकडायला भिंग लागत नाही.

गावांच्या नावांचंही असंच. निजामाच्या दफ्तरात अंबाजोगाई शोधाल तर सापडणार नाही, तिथे तिचं नाव मोमिनाबाद. बीड इंग्रजी सूचीत भीर या नावाखाली. मी स्वतः पहिल्या वर्षी एका अभिलेखागारात चार दिवस बीड शोधत बसलो होतो. पाचव्या दिवशी तिथल्या शिपायानं, आमच्याच शिरूर कासारकडचा निघाला तो, “साहेब, भीर बघा की” म्हणून वही पुढे सरकवली.

खरं काय आणि रचलेलं काय, हे ऐतिहासिक कादंबरीकारानं वाचकाला सांगितलं पाहिजे असं माझं मत आहे. सगळ्यांचं नाही, आणि जे सांगत नाहीत त्यांची पुस्तकं जास्त खपतात. तर: पाटांगण खरं, राजवाडे खरे, १९०९ ची छापील ज्ञानेश्वरी खरी, पोथी नाहीशी होणं खरं. पेशकार, त्याची विधवा बहीण, त्यांचा वाडा आणि त्या वाड्यातला खून माझा. बहिणीचं पात्र मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही. अंबाजोगाईच्या शके ११६२ च्या शिलालेखात सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर येतो. त्याचा मुलगा राम गुजरातेवरच्या स्वारीत नर्मदेकाठी पडला, आणि बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या नावानं देऊळ उभं केलं. आठशे वर्षांपूर्वीची बाई, दगडावर स्वतःच्या नावानिशी. तिच्याबद्दल याहून फार काही कळत नाही. माझ्या कादंबरीतली बहीणही भावाचं अर्धवट काम पुरं करते. देऊळ बांधायला तिच्याकडे पैसा नाही, ती पोथीची नक्कल करते.

आणि माझ्या या खुलाशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. प्रस्तावना हा भारी बेरकी प्रकार आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: लेकीचं लग्न, मुहूर्ताचं घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त, आणि मग बापानं तिच्या नावानं लिहिलेलं गणित. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ही गोष्ट आहे. मूळ संस्कृत ग्रंथात नाही. प्रस्तावनेतून निघालेली लीलावती आज शाळेच्या भिंतींवर रंगवलेली असते. भास्कराचार्यांचं विज्जलवीड म्हणजे आपलं बीडच, असं मानणारेही आहेत, आणि आमच्या जिल्ह्यात त्यांची संख्या साहजिकच जास्त आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखामुळे पारडं तिकडे झुकतं हे मी इथे दबक्या आवाजात नोंदवतो. मला याच जिल्ह्यात राहायचं आहे.

कादंबरीत पोथीचं काय होतं ते सांगणार नाही. एवढं सांगतो की तिचं जे होतं ते मी सहा वेळा बदललं. पहिल्या खर्ड्यात ती जळाली, दुसऱ्यात विहिरीत गेली, एका खर्ड्यात लंडनला पोचली. रहस्यकथेला शेवट लागतो आणि इतिहासाकडे तो नाही, तेव्हा प्रत्येक वेळी माझ्यातला मास्तर समास ओढून लाल शाईनं लिहायचा, “पुरावा?” सातव्या वेळी लिहिण्याआधी एसटीनं बीडला गेलो, पाटांगणावर. काही सापडेल अशी आशा नव्हती. जागा डोळ्यांखालून घालावी, कोणत्या दारातून पोथी बाहेर पडली असेल ते पाहावं, एवढंच.

दुपारची वेळ, माणूसकाणूस नव्हतं. एक म्हातारबुवा पायरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी गाव विचारलं, काम विचारलं. मी सांगितलं, इथे एक जुनी ज्ञानेश्वरी होती, तिच्यावर लिहितोय.

“ती तर नेली ना पुण्याच्या माणसानं,” ते म्हणाले. कालच नेल्यासारखं. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, शेंगांची टरफलं झटकली आणि सरकून मला बसायला जागा केली.

“आणलीत का परत?”